टाकी पुसायची, चोळायची नाही

...आणि वर मलाच विचारतो तो झोल्दोश, "कादिरकुल आके, गाडीवर चुलीतली राख सांडली का हो?" शेजारी माणूस, कुंपणाला कुंपण लागून, ह्याला घोड्यावर बसायला मी शिकवलं, आणि हा मला राख विचारतो. तुम्हाला सांगतो, मी कमी बोलणारा माणूस. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा वापरत नाही. पण ह्या हिवाळ्यात माझ्यावर जी वेळ आली ती चार शब्दांत मावत नाही. म्हणून बसा, चहा घ्या, आणि मध्ये बोलू नका.

मोटरसायकल माझी नाही. मुलीची आहे, बेरमेतची. उन्हाळ्यात ती परदेशी पाहुण्यांना मोटरसायकलींवरून खिंडीपलीकडे नेते. पुढे ही, मागे ते, सगळे भुवयांपर्यंत धुळीनं माखलेले, आणि ह्याला ते लोक सुट्टी म्हणतात... असो. हे काम धरणार म्हणाली तेव्हा मी सांगितलं, आपल्या घरातल्या बायका घोड्यावर बसतात, फटफटीवर नाही. ती म्हणाली, बसणार. मी म्हटलं, मग माझ्याशी बोलू नकोस. नाही बोलली. माझीच मुलगी, शब्दाला पक्की. सणाला यायची, आईच्या कबरीवर जायची, माझ्यासमोर चहा ठेवायची आणि भिंतीशी बोलायची. वर्षं गेली अशी.

आणि गेल्या शरद ऋतूत ही नवी कोरी गाडी घेऊन फाटकातून आत आली. म्हणाली, "आके," बापालाही आम्ही आकेच म्हणतो, "थंडीत तुर्कस्तानात एका हॉटेलात कामाला चाललेय. गाडी तुमच्याकडे ठेवू?"

मी म्हटलं, "ठेव."

झालं एवढंच. पण तुमच्या लक्षात आलं ना? पोरीनं इतक्या वर्षांनी बापाकडे काहीतरी मागितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, जशी देते आहेस तशीच परत मिळेल. आता दिलेला शब्द पाळायचा असतो, त्यात आणखी काय बोलायचं?

मग तिनं मला पेट्रोलची टाकी दाखवली. डोंगरातल्या आर्चाच्या झाडासारखी गडद हिरवी. आणि चमक? चमक नाहीच. मी म्हटलं, "पोरी, फसवलं तुला. वरचा हात मारायचा राहिलाय."

"आके, हा मॅट रंग आहे. मुद्दाम असाच करतात."

मुद्दाम. ऐकलंत?

"आता नीट ऐका," म्हणाली. "मेण नाही, पॉलिश नाही, तेल नाही. साधं पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ फडकं. पुसायचं, पण चोळायचं नाही. चोळलं की तेवढ्या जागी चकाकी येते, आणि आलेली चकाकी परत जात नाही."

म्हणजे चकाकी जात नाही ही तक्रार. अहो, मी जन्मभर सामुदायिक शेतावरचे घोडे सांभाळले. नमद्याच्या, लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, तुकड्यानं असा घासायचो की त्याच्या पाठीत बघून माणसानं मिशी पिळावी. ज्याच्या जनावराच्या अंगावर कांती नाही तो एक तर आळशी नाही तर कंजूष, हे मीच साऱ्या बार्सकून गावाला तोंडावर सुनावत आलो. आणि आता माझ्याच अंगणात ही उभी, विझलेल्या निखाऱ्यासारखी, येणारा जाणारा थांबून बघतोय, आणि मी काय करायचं? पुसायचं, पण चोळायचं नाही.

तबेल्यात ठेवली. तर माझा तोरू, घोडा माझा, त्याला ती टाकी मिठाचा खडा वाटली की काय देव जाणे, सकाळी बघतो तर मान लांब करून चाटतोय, आणि घोड्याची जीभ म्हणजे कानस हो, मी धावलो, पाणी आणलं, साबण आणला, फडकं टाकीवर नुसतं टेकवतोय आणि उचलतोय, टेकवतोय आणि उचलतोय, तान्ह्या बाळाचं करावं तसं, आणि घोडा माझ्याकडे असा बघतोय की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी काय करावं? घोड्याला बाहेर छपराखाली बांधला आणि गाडी तबेल्यात ठेवली. किरगिझ माणसानं फटफटीसाठी घोडा बाहेर काढला... हे माझ्या आज्यानं ऐकलं असतं तर तो कबरीतून उठून आला असता, घोडा आत बांधून परत जाऊन झोपला असता.

मग एक दिवस जरा हवा लागू दे म्हणून बाहेर काढली, तर कावळ्यानं बरोबर टाकीवरच नेम धरला. सारं अंगण सोडून. खरवडायची सोय नाही, ओरखडा पडतो. ओलं फडकं वर घालून बसायचं, ते आपोआप भिजून सुटेपर्यंत. बसलो. तापातल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवून बसतात तसा. तेवढ्यात झोल्दोश आलाच कुंपणावरून. "आके, ताप उतरला का?" मी म्हटलं, "तुझ्या त्या लाडा मोटारीला पॉलिश कर, जा." तर नवीन वर्षाला हा गृहस्थ मला पॉलिशचा डबा भेट घेऊन आला. वर फीत बांधून. "संकोच करू नका आके, शेजारी कशाला असतात?" दया करतोय माझ्यावर. माझ्यावर. मी डबा घेतला, आभार मानले, आणि तो गेल्यावर बराच वेळ त्या डब्याकडे आणि त्या टाकीकडे बघत बसलो. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. पण नाही. पुसायचं, पण चोळायचं नाही.

दर शुक्रवारी तिचा फोन. त्यात चेहरा दिसतो तसला. मी म्हणायचो, "जेवलीस?" ती म्हणायची, "हो. टाकी कशी आहे?" मी फोन टाकीसमोर धरायचो. ती बघायची, म्हणायची, "छान ठेवलीय आके." पहिल्या वेळी तेवढंच. पुढे पुढे त्यानंतर दोन वाक्यं व्हायला लागली. हॉटेलात काय शिजतं, समुद्र कसा आहे. मग तर टाकी बघून झाल्यावरही फोन बंद करायची नाही. सगळं त्या टाकीमुळे. आता कळलं का मी कशाला जपत होतो?

आणि मग आला नोरूझ, आमचा मार्चातला सण. आणि नोरूझला आली माझी थोरली बहीण, ऊलकान एजे.

एजेला डोळ्यांनी दिसत नाही आता फारसं. हातांनी बघते. जन्मभर नमदे लाटले तिनं, तिचे हात म्हणजे नमद्याहून टणक. आली, पांढरा रुमाल काढला, म्हणाली, "बेरमेतची नवी गाडी मला अजून कुणी दाखवली नाही. कुठाय?" नवं जनावर आलं, नवी सून आली, नवी गाडी आली, वडीलधाऱ्यानं बघून दुवा द्यायची, हे तर झालंच पाहिजे. नेलं तबेल्यात. तिनं रुमाल हँडलला बांधला. मला वाटलं, सुटलो. तर तिनं टाकीवर तळवा ठेवला आणि तिचं तोंड उतरलं.

"कादिरकुल, हिचं अंग कोरडं आहे रे. काही खायला घालत नाहीस का?"

"एजे, तो रंगच तसा. मुद्दाम. हिला चोळायचं नसतं."

"कोण म्हणतं?"

"बेरमेत."

"बेरमेत जन्मली तेव्हा तिला चाळिसाव्या दिवसाची अंघोळ कुणी घातली?"

"तू, एजे."

"मग? हात पसर."

असं म्हणून तिनं झग्याच्या खिशातून मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा गोळा काढला, आणि दुसऱ्या हातात नमद्याचा तुकडा. आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? थोरली बहीण दुवा द्यायला लागली की धाकट्यानं तळवे वर करून बसायचं, ती 'ओमिन' म्हणून तोंडावरून हात फिरवेपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचं नाही. मी सत्तरी गाठलेला असेन, तिच्यापुढे मी शेंबडा पोरगाच. बसलो. आणि ती चरबी लावून चोळायला लागली, म्हणते, हिचा रस्ता मोकळा असो, एक हात, समोरून येणारा माणूस चांगला असो, दुसरा हात, खिंडीत गारा नकोत, नदीचं पाणी गुडघ्याखाली असो, आणि दर मागणीला नमदा गोल फिरतोय, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या हिरव्या टाकीवर चंद्र उगवतोय. मी घाईघाईनं म्हटलं, "ओमिन."

"अजून झालं नाही," एजे म्हणाली.

मग दुवा पूर्वजांकडे वळली. एकेकाचं नाव, एकेकाचा घोडा. मी पुन्हा म्हटलं, "ओमिन." ती म्हणाली, "तुला लघवीला जायचंय का?" आणि मग ती म्हणाली, चोळता चोळताच, "आमची आई घोड्यावरून खिंड ओलांडून आली तेव्हा हा कादिरकुल तिच्या पोटात होता, आणि घरचे सगळे पुरुष नको नको म्हणत होते. तसं हिलाही कुणी नको म्हटलं तर हिला ऐकू न येवो. जाणारीला जाऊ दे. येणारीला दार उघडं असू दे. ओमिन."

आई, खिंड, मी पोटात... सत्तर वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंडावरून हात फिरवला. ओमिन म्हटलं. ह्या वेळी खरं.

एजे गेली, आणि मी साबण घेऊन धावलो. टेकवलं, उचललं, टेकवलं, उचललं. चरबी गेली. चकाकी राहिली. भाकरीएवढी गोल, तिच्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते बघण्यासारखं नव्हतं. झोल्दोश कुंपणावरून म्हणाला, "आता कसं शोभतंय, आके. बाकीचं कधी करणार?"

त्यानंतरच्या शुक्रवारी मी फोन दुसऱ्या बाजूनं धरला. एका डोळ्यानं आंधळा घोडा बाजारात उभा करतात ना, चांगला डोळा गिऱ्हाइकाकडे करून, तसा. असल्या माणसांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या. "ती बाजू दाखवा ना," ती म्हणाली. मी म्हटलं, "तिकडे अंधार आहे." भर दुपारी. तिनं नुसतं 'बरं' म्हटलं. फोन लवकर बंद केला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

वसंतात ती आली. फाटकातून सरळ तबेल्यात. मी मागे. तिनं गाडीवरची गोधडी काढली, बाजूला फिरली, आणि थांबली. मी सबबी सांगणारा माणूस नाही. म्हटलं, "तुझ्या आत्यानं दुवा दिली. मी हात पसरून बसलो होतो."

तिनं हातातली गोधडी घडी घातली. मग विचारलं, "काय म्हणाली एजे?"

आता आली पंचाईत. असलं बोलायची सवय कुणाला आहे? पण तिला कळायलाच हवं होतं. तोरूच्या खोगिराकडे बघत सगळं म्हटलं, रस्ता, गारा, नदीचं पाणी. आईचं आणि खिंडीचंही. 'नको म्हटलं तर ऐकू न येवो' तेही म्हटलं, गाळलं नाही. मग शेवटचं. "जाणारीला जाऊ दे. येणारीला दार उघडं असू दे." आणि सवयीनं पुढे म्हटलं, "ओमिन."

तिनं तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग त्या चकाकीवर आपला तळवा ठेवला, आणि म्हणाली, "आके, एकाच बाजूला दुवा? दुसऱ्या बाजूचं काय? खिंडीत गाडी एकीकडे कलायची."

मी म्हटलं, "मॅटचं काय?"

"एजेला बोलवा," ती म्हणाली.

बोलावलं. आली, चरबी घेऊन, नमदा घेऊन. मी आणि बेरमेत शेजारी शेजारी हात पसरून बसलो, कुंपणावर झोल्दोशही हात पसरून, आणि दुवा ह्या खेपेला आणखी लांब होती, घोडे तर सगळे नव्यानं आले त्यात. मी घाई केली नाही. ओमिन झाल्यावर एजेनं टाकीवरून हात फिरवला, नमदा घडी घालून ठेवला, आणि बोट माझ्याकडे केलं.

"कादिरकुल, आता ह्यावर धूळ बसली तर पूस. पण चोळू नकोस हं. दुवा निघून जाईल."

मी म्हटलं, "हो, एजे."