सील न फोडलेल्या बादल्या

...नाही, पलंग विकताना मी गप्प बसलो असं आमची ही सगळ्यांना सांगते, ते साफ खोटं आहे. मी कडाडून विरोध केला होता, फक्त मनातल्या मनात. तुम्हाला सांगतो, हे सगळं सरकारमुळे. सरकार पडणार अशी बातमी आली. आता सरकार पडलं म्हणून आपल्या घरात काय पडतं? पण हिचा भाऊ, विमा विकतो, तो आला आणि कानाशी लागला, "नवं सरकार प्लास्टिक बंद करणार, भावोजी. बादल्या घेऊन ठेवा. बादलीला मरण नाही."

घेतल्या दोन. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने दुप्पट भावात मागितल्या, दिल्या. त्याने त्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला विकल्या आणि शीळ घालत जिना चढला. माझ्या पोटात असं दुखलं म्हणता... त्याच बादल्या मी डॉक्टरकडून चौपट भावाने परत आणल्या आणि हिला म्हटलं, "बघ, आपली इस्टेट वाढली."

नियम एकच, सील फुटता कामा नये. वेष्टण फाटलं की भाव गेला. अख्ख्या इमारतीत छतापर्यंत बादल्या, आणि एकीलाही पाणी माहीत नाही. मंत्री शिंकला की भाव वर. न्हाणीघरातली बादलीसुद्धा 'जुना माल' म्हणून गेली, आम्ही नळाखाली उकिडवे बसून आंघोळ करायचो. जागा पुरेना, तेव्हा पलंग गेला जुन्या फर्निचरवाल्याकडे. मेहुणा म्हणाला, "झोप काय, कुठेही येते. पण बादलीला मरण नाही."

आणि टाकीचा पाइप फुटला. घरात घोट्याएवढं पाणी.

"एक बादली द्या हो."

"कुकरने उपस."

"खोलीभर बादल्या आहेत की."

"त्या बादल्या नाहीत, गुंतवणूक आहे."

हिने वरची एक बादली ओढली आणि टर्रकन सील फाडलं. नेमका शिंपी दारात. पांढराफटक पडला बिचारा, आणि जिन्यावरून ओरडत सुटला, "यांनी बादलीत पाणी भरलं, पाणी!" झालं. यांना नक्की काहीतरी आतली बातमी असणार म्हणून सगळे विकायला धावले, घेणारा कोणी नाही. डॉक्टर तर दाढ काढल्यावर बादली फुकट द्यायला लागला, तरी पेशंट नको म्हणत. सरकार? पडलं ना. तेच मंत्री खुर्च्या बदलून परत बसले. प्लास्टिकचं कोणी नावही काढलं नाही.

तणतणत मेहुण्याकडे गेलो. त्याच्या घरात औषधालाही बादली नाही, आणि हा आमच्याच पलंगावर आडवा.

"दुकानात धूळ खात होता," म्हणाला, "म्हटलं, घरातला पलंग घरातच राहू दे." कूस बदलली आणि डोळे न उघडता पुटपुटला, "धीर धरा, भावोजी. बादलीला मरण नाही."

ते मात्र खरं. प्लास्टिकच ते. आम्ही दोघं जाऊ, त्या राहतील.