दुपारचा पेपर

—हे नव्हे दादा, हे तर बाहेरचं दार. आतलं, आतलं. चपला राहू द्या हो पायात, फरशी आज कोण बघतंय. या. हे बघा. फुगलंय. लाकूड आहे, दमट हवा लागली की फुगतं, तुम्ही नुसतं खांद्याने रेटलंत तरी— काय? हो, किल्लीचंच आहे तसं. अर्धी माझ्या हातात आली, अर्धी आत राहिली. फोनवर बोलले नव्हते का मी? मग घाईत राहून गेलं असेल. फुगलंयही आणि मोडलीयही, दोन्ही. आणि आत माझी मुलगी आहे. वकिलीच्या प्रवेशपरीक्षेला बसायचंय तिला आज. पेपर दुपारचा, केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एकदा गेट लागलं की देव आला तरी उघडत नाहीत — आणि ही इथे आत! तेव्हा काय करायचं ते करा. दार फोडलंत तरी मी हूं की चूं करणार नाही. फक्त लवकर.

नको फोडायला? बरं. तुम्ही जाणकार. तेल हवंय? शिलाई मशीनचं आहे, हे घ्या. — टिटवी! आले गं चावीवाले दादा! होईल आता! … ऐकलंत? काही नाही. एक शब्द नाही. आणि नाव काय, तर टिटवी. खरं नाव वेगळं, पण जन्मली तेव्हापासून टिवटिव, म्हणून टिटवी. तिच्या बाबांनी ठेवलं. बस चालवतात ते, आज दुहेरी पाळी, पहाटेच गेलेत, त्यांना यातलं काही ठाऊक नाही, आणि ठाऊक व्हायची गरजही नाही. ते म्हणतात, टिटवीसुद्धा समुद्र आटवते, तू बघत राहा. मी बघतेच आहे की! सतरा वर्षं दुसरं काय केलंय? लहानपणी हिला बिस्किट कमी मिळालं तर ही रडायची नाही हो, उलटतपासणी घ्यायची. पुडा कोणी फोडला, तेव्हा खोलीत कोण होतं, मग तुझ्या पदराला चुरा कसा. खालच्या मजल्यावरच्या मावशी म्हणायच्या, हिला आत्तापासून काळा कोट शिवून ठेवा. अशी पोर वकील नाही व्हायची तर कोण व्हायचं, तुम्हीच सांगा.

सांभाळून, त्या चिठ्ठीला तेलाचा हात लागेल. हो, चौकटीवरसुद्धा आहेत. आरशावर, फ्रिजवर, मोरीच्या दारावर — सगळीकडे चिठ्ठ्या. व्याख्या आहेत. संमती म्हणजे काय, हेतू म्हणजे काय, निष्काळजीपणा म्हणजे काय. मी भाजी चिरता चिरता विचारायची, ती दात घासता घासता सांगायची. मला सगळं पाठ झालं. नर्स आहे मी, ऑपरेशन थिएटरला असते, तिथे गेल्या आठवड्यात एका डॉक्टरांना मी निष्काळजीपणाची व्याख्या म्हणून दाखवली, तेव्हापासून ते माझ्याशी खुणेने बोलतात. आणि तो तिचा क्लासचा सर! रोज संध्याकाळी संदेश — घाबरू नका. अरे बाबा, कोण घाबरलं होतं? तू म्हणालास तेव्हा कळलं की घाबरायचं असतं. मी तिला मोठ्याने वाचून दाखवायची, सर म्हणतायत घाबरू नका गं. ती कानात बोटं घालायची. मग मैत्रिणींचे फोन — या वेळी उतारे लांबलचक आहेत म्हणे, गणित वाढवलंय म्हणे, अमक्याच्या चुलतभावाला आतून कळलंय म्हणे. फोन काढून घेतला मी. घ्यायला नको? सांगा ना.

कोणत्या बाजूने मोडली ते कशाला बघताय? मोडली ती मोडली. — हो, बाहेरच्या. बाहेरून मोडली म्हणजे बाहेरून लावली होती असं थोडंच आहे? आतून लावली असती तर— बरं. बरं. लावली मी. लावली! त्यात काय एवढं? स्वतःच्या घरातलं दार, स्वतःची मुलगी. अभ्यास शांत व्हावा म्हणून लावली. शेवटचे दोन तास, उजळणी, कोणी मध्येच आत जायला नको— कोण जाणार म्हणता? आहे कोण घरात? मीच. म्हणजे मी आत जाऊ नये म्हणून मी बाहेरून… हसू नका हो दादा. तुम्ही हसलात. मिशीत हसलात, दिसलं मला.

ती काय म्हणाली ठाऊक आहे? त्या चिठ्ठ्यांमधलाच एक प्रश्न होता, परवा मीच विचारला होता. एकाने दुसऱ्याला खोलीत बंद केलं, पण मागचं दार उघडं होतं, तर ते कोंडून ठेवणं झालं का? पटकन म्हणाली, नाही, वाट होती ना. बरोबर, शाबास म्हटलं. आणि आज मी किल्ली फिरवली, तर आतून अगदी शांत आवाजात — ओरडली असती तर बरं वाटलं असतं — शांत आवाजात म्हणते, “आई, मागचं दार नाहीये.” बस्स. त्यानंतर चकार शब्द नाही. मी इकडून हाक मारली, खाऊन घेतेस का, पाणी हवंय का, पेनं तपासलीस का. नाही म्हणजे नाही. मग मलाच धडकी भरली, म्हटलं उघडावं. हात चुकला, जोर जास्त लागला, कट्ट! इंजेक्शन देताना माझा हात कधी हलत नाही, विचारा कोणालाही.

निघतंय का? चिमट्यात आलं का? नाही? होऊ दे, होऊ दे, मी बोलत नाही.

… ते असं आहे, की तुम्ही काही भलतं समजू नका. ती परीक्षेला बसत नाही म्हणाली आणि मी कोंडलं, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. ती बसतेय. उलट सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, पारदर्शक पिशवीत सगळं भरून तयार झाली. मी पण तयार. रजा काढली होती, साडीला इस्त्री केली होती, पाण्याची बाटली, ग्लुकोज, छत्री, सगळं घेतलं. आणि ही म्हणते, “आई, आज मी एकटी जाते.” मी म्हटलं, ठीक आहे, मी फक्त गेटपर्यंत. नको म्हणाली. बरं, रस्त्याच्या पलीकडे थांबते, तुला दिसणारसुद्धा नाही. नको. बसमध्ये तरी बसवून देते. नको. मग खालच्या जिन्यापर्यंत? तर हसली हो ती. हसली! सतरा वर्षं हिच्या तापाला, हिच्या दाढेला, हिच्या पहिलीच्या बाईंना मी पुरी पडले, आणि आज मी जिन्यापर्यंतसुद्धा नको? म्हटलं बस आत. डोकं थंड होऊ दे. कोणाचं, ते बोलले नाही. आणि फिरवली किल्ली.

का नको, ते मला ठाऊक आहे. मला काय कळत नाही? गेल्या वर्षीचं घेऊन बसलीय ती. हो, गेल्या वर्षीही बसली होती, एक वर्ष आधीच, सरच म्हणाले होते अनुभव म्हणून बसू दे. मी ड्यूटीवरून तशीच तिच्याबरोबर गेले, कपडे बदलायला वेळ कुठे होता. गेटबाहेर थांबले सगळ्या आईबापांबरोबर. तेवढ्यात एक जण म्हणाला, आत गार हवेची यंत्रं फार जोरात सोडलीयत, पोरं कुडकुडतायत. हिचा स्वेटर माझ्या पिशवीत! आता हिला गारठ्याने लगेच कान दुखतो. नर्सच्या कपड्यांत असलं की कोणी अडवत नाही, दादा, चौकीदाराने उलट सलाम केला, त्याला वाटलं आत कोणाला चक्कर आली. गेले मी. दोन मजले चढून, खोली शोधून. ती मधल्या रांगेत, मान खाली. मी हळूच स्वेटर घातला तिच्या खांद्यांवर. हळूच! एवढंच केलं. आणि सहज नजर गेली कागदावर, तर — तोंडातून निघून गेलं हो — “अगं, अजून काहीच नाही लिहिलंस?”

अख्खी खोली हसली. पर्यवेक्षक धावत आला, कोण तुम्ही, कोणी सोडलं, पेपर रद्द करू का हिचा. मी त्याच्याशी हुज्जत घातली, घालणारच, आई आहे. मला बाहेर काढलं. आणि ती… तिने त्यानंतर काही लिहिलंच नाही. वेळ संपेपर्यंत तो स्वेटर खांद्यावर घेऊन बसून राहिली म्हणे. येताना बसमध्ये मी विचारलं, कसा गेला? खिडकीकडे बघत होती. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी. तिने मान हलवली. मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, पेपरच अवघड होता या वेळी. माझ्या सासूबाई म्हणाल्या, पोरीला घोकंपट्टी जमत नसेल. मी म्हटलं, हो, नसेल जमत. ती तिथेच पाणी पीत उभी होती. ऐकत होती.

आत ऐकू जात असेल ना हे? पातळ दार आहे. … टिटवी? … जाऊ दे. ऐकलंच असेल.

रोज मी काय करते सांगू? थिएटरच्या दाराशी उभी राहून लोकांना बाहेर थांबवते. मावशी, आत नाही यायचं. काका, तुम्ही आत आलात तर डॉक्टरांचा हात हलेल, तुमचाच माणूस आहे ना टेबलावर? सगळे ऐकतात. म्हातारी माणसं ऐकतात, गुंड ऐकतात, मागे एक पोलीस होता, तोसुद्धा रडत रडत बाकावर जाऊन बसला. किती सोपं असतं दुसऱ्याला सांगायला, बाहेर थांबा. आणि बाहेर थांबणाऱ्याचं काय होतं, ते कोणी— मला एक भीती वाटते दादा. वेड्यासारखी. मी नसताना तिचा पेपर छान गेला तर? नाही नाही, म्हणजे छानच जायला हवा! तेच तर हवंय! काय बोलतेय मी. तुम्ही तुमचं काम करा. काही लक्षात ठेवू नका यातलं.

आलं? निघाला तुकडा? दाखवा. एवढासा? एवढ्याशाने— फिरवा, फिरवा आता. थांबा, मी पदर नीट करते. फिरवा.

टिटवी… हे बघ, मी— खाल्लंस का काही? बरं. नको. हो, फोन तिथे मेजावर आहे. घे. चार्ज केलाय मी. तेवढं केलंय. अगं ती बाटली तरी— राहू दे. नको तर नको. काही विचारत नाही. मी इथेच उभी आहे. बघ, इथेच.

… “दादा, थँक यू” म्हणाली. तुम्हाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाही, बघितलं, दारात चप्पल घालताना बघितलं, पण कसं बघितलं ते नाही कळलं मला. आणि “येते” म्हणाली का हो ती? मला नाही ऐकू आलं. तुम्ही दाराजवळ होतात. म्हणाली? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून मान हलवू नका, मान हलवण्यावर माझा आता विश्वास नाही.

अजून जिन्यातच असेल. आता उतरली असेल. खिडकीतून स्टॉप दिसतो — ती बघा. पिशवी हातात. पाठीत वाकून उभी राहते नेहमी, शंभरदा सांगितलं. ऊन किती पडलंय. छत्री इथेच राहिली! छत्री, दादा! धावत गेले तर गाठेन, बस अजून यायचीय, नुसती हातात देईन, एक शब्द बोलणार नाही, देईन आणि मागे फिरेन— माझी चप्पल कुठेय? इथेच तर होती. ही एक. दुसरी कुठे—

काय? असे दारात का उभे राहिलात? सरका ना. पैसे हवेत का? हे घ्या, उरलेले राहू द्या. सरका.

… नका सरकू.

नका सरकू. बस आली वाटतं. हो, तीच. चढली. मागे नाही बघितलं, पण चढली नीट. जागा मिळाली असेल का? या वेळेला गर्दी नसते फारशी. मिळाली असेल.

पुढच्या बसने गेले तरी पोचता येतं मला. तुम्हाला म्हणून सांगते. रिक्षा केली तर तिच्याही आधी. तुम्ही खाली उतरलात ना, की मी निघेन, ओळखते मी स्वतःला. आधी म्हणेन नुसती कोपऱ्यापर्यंत, मग म्हणेन गेटपर्यंत. तेव्हा एक करा. ही छत्री घेऊन जा तुमच्याबरोबर, ठेवा तुम्हालाच. आणि जाताना दार ओढून बाहेरून कडी घाला. — हो, शुद्धीत आहे. खालच्या मावशींना फोन करता येतो मला, काही अडलंच तर. नाही अडणार. संध्याकाळी ती आली की काढेल. माझ्याकडे असं बघत बसू नका, तुमची दुसरी कामं नाहीत का? घाला कडी.

घातली? ओढून बघा एकदा.

बरं. जा आता.