एक काना जास्त

...नाही, पण हे कुत्रं कसं असेल हो? नीट बघा ना, मनगटावर, इथे! वरची रांग, खालची रांग आणि मध्ये पडलेल्या दाताची फट! डॉक्टर म्हणाले, "कुत्रं ओळखीचं होतं का?" आता काय सांगू, होतं म्हणून? भाची चावलीय, भाची! सख्ख्या बहिणीची मुलगी! आणि का, तर मी तिला वाचायला शिकवलं म्हणून! खेळता खेळता शिकतात म्हणे मुलं!

तुम्हाला सांगते, मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली की दचकते, बेल वाजली की आधी छातीवर हात आणि मग दाराला. पण ताई ऑफिसात, भाऊजी दुकानात आणि मी एमए होऊन घरात, मग ठिणगीला सांभाळणार कोण? ठिणगी म्हणजे हीच, चावणारी. खरं नाव फार गोड आहे, म्हणून तर ते कुणी वापरत नाही.

तर झालं काय, ताईच्या सासूबाईंचा फोन आला. निवृत्त मुख्याध्यापिका! फोनवर बोलल्या तरी मी उठून उभी राहते. "पोरगी दिवसभर मोबाइल बघते म्हणे? रविवारी येते मी. चार शब्द वाचता आले नाहीत, तर घेऊन जाते माझ्याकडे. शाळाही तिकडेच!" ताई उठली. न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. मी बाहेर, दाराला कान लावून. म्हटलं, कटकट असली तरी आमची कटकट आहे ती, अशी कशी नेतील?

मग मी मोबाइलवर शोधलं, 'घरच्या घरी मजेदार उपक्रम'. एका हसऱ्या बाई म्हणाल्या, घरातल्या वस्तूंवर नावं चिकटवा. चिकटवली. दुसऱ्या, त्याहून हसऱ्या, म्हणाल्या, चिठ्ठ्यांवर 'बस', 'हस', 'नाच' लिहा, मूल वाचेल आणि तसं करेल. केलं. ठिणगी वाचायची, नाचायची, वाचायची, हसायची... मला भरूनच आलं! पण त्या दोन्ही बायांपैकी एकीने तरी सांगावं की नाही, दोन खेळ एका घरात एकदम खेळू नका म्हणून?

किल्ल्यांच्या जुडग्यावर चिठ्ठी होती, 'चावी'. जुडगा माझ्या हातात. चिठ्ठीचा कोपरा फाटला आणि वेलांटी गेली. उरलं काय? 'चाव'! ठिणगीने मोठ्याने वाचलं आणि... दाखवलंच की तुम्हाला. न्हाणीघरात 'टाकी'वर पाणी उडालं, वेलांटी पुसली. 'टाक'! भाऊजींचे बूट टाकीत टाकले. "माऊ, मी बरोब्बर वाचलं ना?" बरोब्बर वाचलं होतं हो, रागवायचं कशावर? भाऊजी बूट पिळत म्हणाले, "प्रगती आहे." खेळता खेळता शिकतात म्हणे मुलं!

मग म्हटलं, वेलांटी पुरे, आपण काना शिकू. "याला काना दे," तर हिने कान पुढे केला. पण एकदा कळल्यावर? जाडं पेन घेऊन घरभर काने वाटत सुटली! आणि अशात रविवार उजाडला.

सासूबाई आल्या. चष्मा गळ्यात, दोरीला बांधलेला. मी गडबडीत चहा दिला तो चिठ्ठीच्या कपात! "कप" वाचून दाखवायला ठिणगीला बोलावलं, तर ही पेन घेऊनच आली, पटकन एक काना दिला आणि वाचलं, "काप!" अहो, मी 'नको' म्हणेपर्यंत हिने कागद कापायची कात्री आणलीसुद्धा... कच्च! दोरी तुटली, चष्मा थेट चहात! ताईने डोळे मिटले. मी तर भिंतीलाच चिकटले, माझ्यावर फक्त चिठ्ठी लावायची राहिली होती.

सासूबाईंनी चष्मा बोटांनी बाहेर काढला. पुसला. घातला. कप डोळ्यांजवळ नेला.

"काना कुणी दिला?"

"मी!" ठिणगी. भीती नावाची गोष्ट नाही!

"आणि अर्थ कळून कापलंस?"

"मग? वाचलं की करायचं. माऊ म्हणाली."

बाई हसल्या हो! "सूनबाई, हिला न्यायची काही गरज नाही." ताई पुन्हा न्हाणीघरात पळाली, नळ न सोडता रडली. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची! खेळता खेळता शिकतात, शिकतात हो मुलं!

पण त्या उठल्या. खिडकीपाशी गेल्या. उशीपाशी गेल्या. चहा लागलेल्या चष्म्यातून एकेक चिठ्ठी वाचत घरभर फिरल्या. "'खिडकि'? ऱ्हस्व? 'उशि'? आणि हे 'खूर्ची' कुणी लिहिलं?"

मी हळूच हात वर केला.

"शिक्षण?"

"ए... एमए."

"कशात?"

आता ते तुम्हीपण विचारू नका.

त्या गेल्याच नाहीत. बॅग उघडली, कपाटाचा एक कप्पा घेतला. आता रोज जेवणं झाली की पानभर शुद्धलेखन असतं. नाही नाही, ठिणगीला नाही, मला. ठिणगी तपासते.