आधी मशीन हलणार की गुलाब

यमुनाबाई : हे खणायचं मशीन ज्यानं पास केलं, त्यानं जन्मात माती पाह्यली नाही. कुंडीतलीसुद्धा नाही. लिहून घ्या, सेक्रेटरीसाहेब.

बापूराव : हात रिकामा नाही. स्कूटर धरून उभा आहे. आधी ते बंद करा.

यमुनाबाई : तुमच्या स्कूटरला टेकलं तवाच बंद पडलं.

बापूराव : टेकलं? आरसा गेलाय. आपल्याला बागेचा पट्टा खणायला दिलं होतं. पार्किंगमध्ये फेरफटका मारायला नाही.

यमुनाबाई : मी कुठं मारला? त्यानं मारला, मी मागून फरफटत आली. पट्ट्यात नुसता मुरूम, त्यात बिल्डरचा राडारोडा. पाती आत घुसूनच नाही राह्यली. वरच्यावर नाचली अन् चाकासारखी पळाली.

बापूराव : प्रात्यक्षिकात तर श्रीखंड ढवळावं तशी माती वर आली होती.

यमुनाबाई : कुठं घेतलं प्रात्यक्षिक?

बापूराव : अध्यक्षांच्या गुलाबाच्या वाफ्यात.

यमुनाबाई : साऱ्या सोसायटीचं खत तिथंच जाते. ती माती चमच्यानंही निघते. दुकानदार काही बोलला नाही?

बापूराव : सगळं बोलला. एका मशीनची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात. ते आधी खणलेल्या, मऊ मातीला. दुसऱ्यात चाकं पुढे जातात आणि पाती उलटी फिरतात. ते कडक जमिनीत शिरतं. तिसऱ्याला दांडा असतो, तो ओढून पाती पाहिजे त्या दिशेने फिरवा.

यमुनाबाई : मंग दुसरं काऊन नाही आणलं?

बापूराव : मतदान झालं. अध्यक्ष म्हणाले, उलटं फिरणारं काही आपल्या आवारात नको, वास्तूला बरं नाही. हात वर गेले.

यमुनाबाई : तुमचा?

बापूराव : मी इतिवृत्त लिहीत होतो.

यमुनाबाई : तुमचा हात कधीच रिकामा नसते बाप्पा.

बापूराव : टोमणा पोचला. पण ठराव आपल्याला माहीत आहे. संध्याकाळच्या सभेपर्यंत पट्टा खणला नाही, तर तिथे गाड्या लागणार.

यमुनाबाई : अन् माझी वांगी? रोपं गॅलरीत माना टाकून राह्यली. संतोष म्हणते, आई, मंडईतून आणू ना. मंडईत वांगं भेटते. सकाळी उठून पाहाले झाड भेटते का? पोरगा-सून हापिसात, मी चौथ्या मजल्यावर. दिवसभर लिफ्टचा आवाज आयकते.

बापूराव : कुदळ घ्या ना मग.

यमुनाबाई : माझे गुडघे तुम्ही घ्या, मी कुदळ घेते.

बापूराव : हं. मशीन बदलून मिळतं. दुकानदार तयार आहे. फक्त अध्यक्षांनी फोन करायचा.

यमुनाबाई : मंग करत काऊन नाहीत?

बापूराव : दुसरी गाडी घेतलीय त्यांनी. ती लावायला जागा हवी.

(यमुनाबाई मशीनचं तोंड वळवतात.)

बापूराव : अहो, तिकडे कुठे? ते गुलाब आहेत.

यमुनाबाई : अध्यक्षांनी पास केलेल्या मशीनला चालते अशी माती इथं एकच हाय. फोन लावा त्यांना.

बापूराव : लावतो. काय सांगू?

यमुनाबाई : सांगू नका, इचारा. आधी काय हलते, मशीन का गुलाब? मी मशीन चालू करायची दोरी धरून उभी हाय.