पाठ फिरवून ऐकणारे सर

जमलेल्या सगळ्या मंडळींनो, सरांच्या घरच्यांनो, आणि मागे ओट्यावर बसलेल्या बाजारातल्या मावश्यांनो,

चारचौघांत बोलायला मला वानखडे सरांनीच शिकवलं, आणि आज ते गेल्यावर त्यांच्याबद्दलच बोलायचंय. रडले तर रडू द्या. आपोआप थांबेन.

आज मी केनवडला शिकवते, पण मी या शेलूबाजारच्या शाळेची. सर आठवीच्या वर्गाला म्हणायचे, "तुमाले कशाची चीड येते? त्याची जाहिरात करा." साबणाची नाही, तेलाची नाही. लोकांच्या भल्याची. मुलांनी लिहायची, मुलांनीच बोलून टेप करायची, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जीपवर भोंगा बांधून गावभर ऐकवायची.

पण त्याआधी सरांची परीक्षा. सर खुर्ची भिंतीकडे फिरवायचे आणि आमच्याकडे पाठ करून बसायचे. आम्ही वाचायचं. सर वळले, तर जाहिरात पास. नाही वळले, तर पुन्हा लिहा! बाजारातला माणूस काय तुमच्या तोंडाकडे पाहत बसणार आहे? तो वांगी निवडत असतो. त्याची मान वळली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझी आई बाजारात भाजी विकते. बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. का? बायांना जायला जागाच नव्हती. पोटात कळा यायच्या, तरी तेच. मला त्याची चीड होती. मी लिहिलं, "महिलांच्या आरोग्याच्या दृष्टीने बाजारपेठेत स्वच्छतागृहाची नितांत आवश्यकता आहे." सर हलले नाहीत. मी 'नितांत' काढून 'अत्यंत' घातलं. सर हलले नाहीत! भिंतीकडे पाहूनच म्हणाले, "बाई, तुही माय घरी असंच बोलते काय?"

पोरं हसली. मला रागच आला. मी कागद ठेवला बाजूला आणि तावातावानं म्हणाले, "माही माय बाजारात पाणी पेत नाही. तहान लागते, तरी पेत नाही. काहून, तं लघवीले जायाले जागा नाही. तुमच्या घरची बाई पेते काय? इचारून पाहा!"

पोरं हसायची थांबली. खुर्ची वळली.

खरी पंचाईत घरी होती. ज्याची गोष्ट, त्याला विचारल्याशिवाय भोंग्यावर नाही, हा सरांचा नियम. आई भडकली. "चार लोकांत मायची लाज काढतं काय वं?" सर घरी आले, चहा घेतला, म्हणाले, "ताई, तुमी नाही म्हनाल तं नाही. पन पोरगी खोटं बोलून राह्यली काय?" आईनं कपबशा उचलल्या. मग म्हणाली, "माहं नाव नका घेऊ मंग."

नाव घेतलं नाही. जीप बाजारात शिरली तेव्हा मी आईशेजारीच बसले होते. माझा आवाज आला आणि आईनं टोमॅटो तोलता तोलता तराजू खाली ठेवला. पलीकडच्या मिरचीवाल्या मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "हे तं माहीच गोष्ट हाय!" त्यांच्या पलीकडची म्हणाली, "माही बी!" आई माझ्याकडे बघून हसली. मग ग्रामपंचायतीत सगळ्या मिळून गेल्या, आई सगळ्यांच्या पुढे. हेलपाटे घातले, पण बायांसाठी खोली झाली. तिची किल्ली आजही आईच्या कमरेला असते. ती मागेच बसली आहे, आणि आल्या आल्या गिलासभर पाणी प्याली. मला समाधान वाटतं, मंडळी. आजच्या दिवशीही वाटतं.

शेवटचं सांगते. गेल्या महिन्यात सरांना भेटायला गेले. सर भिंतीकडे तोंड करून पडलेले. काकू म्हणाल्या, "आता कोनासंगं बोलत नाहीत." मी खाटेजवळ बसले. माझ्या वर्गातल्या एका पोरीची जाहिरात म्हणून दाखवली. "काकाहो, शाळेच्या मैदानात ट्रॅक्टर उभे करू नका. तुमचा ट्रॅक्टर थकला असंन, पन आमाले खेळाचं हाय."

मग खाट करकरली. सर वळले. हळूहळू, पण पूर्ण माझ्याकडे. म्हणाले, "लाव भोंग्यावर."

मी लावली. पुढे काय झालं ते सांगायला पुन्हा यायचं होतं. राहून गेलं. म्हणून आता सांगते. सर, मैदान मोकळं झालं. पोरं खेळून राह्यली.

चला, उभे राहू या. भोंगा बंद करा. थोडा वेळ कोणीच काही बोलू नका.