जपलेली बोटं

लुब्लिनच्या संगीतशाळेत किंगाची सात वर्षांची हेल्का पियानोच्या प्रवेशपरीक्षेला आत गेली होती. निघताना किंगानं चर्चमध्ये मेणबत्तीही लावली होती. शेजारच्या बाकावर, शाळेत येणाऱ्यांचे कोट सांभाळणाऱ्या रोमाबाई एका म्हातारीशी बोलत होत्या.

"बोगुमिलाबाई, परीक्षकाचा डबा घेऊन त्याची आई येते, म्हणजे कमालच झाली!"

"काय करू? सेवेरिन कालच जपानहून आलाय. तिकडे लोक उभं राहून टाळ्या वाजवतात त्याला. आणि इथे काकडीच्या लोणच्याची बरणी घेऊन माझ्याकडे येतो. झाकण उघडत नाही म्हणे!"

"बायको नाही उघडून देत?"

"होती तोवर द्यायची."

"अगं बाई! बटाटे तरी सोलता येतात का?"

"सुरी हातात दिली असेल तर ना! लहानपणापासून बोटं जपली मी त्याची. बर्फात खेळणं नाही, चेंडू नाही. त्याचे वडील गेले ना, तेव्हा शवपेटीवर मूठभर माती टाकायला वाकला. मी म्हटलं, राहू दे रे, माती गारठलीय, बोटं आखडतील. संध्याकाळी कार्यक्रम होता."

"मग?"

"मग काय, त्याच्या वाटची मीच टाकली."

"आणि कार्यक्रम?"

"फार सुंदर झाला हो!"

मेणबत्ती लावून आपण नेमकं काय मागितलं होतं, ते किंगाला आता आठवेना. तेवढ्यात परीक्षेच्या खोलीचं जड दार किलकिलं झालं.

"आई, घेतलं मला!" म्हणत हेल्का दोन्ही हातांनी दार ओढू लागली.

"अगं, बोटं!"

किंगा आणि बोगुमिलाबाई एकदमच ओरडल्या.