अकराची वेळ

दातांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या शेजारी एक मावशी आणि तिचा भाचा दाटीवाटीने बसले होते.

"मावशी, या दवाखान्याची वेबसाइट मीच केलीय. शिकता शिकता पहिलंच काम."

"डॉक्टरांनी तुला दिलं कसं?"

"फुकट करतो म्हणालो."

"पण छान झालीय हो. नाव टाकलं, बटण दाबलं, लगेच अकराची वेळ मिळाली."

"तिथे अकराचीच वेळ येते."

"कुणीही दाबलं तरी?"

"सध्या. वेळा वाटून देणं पुढच्या धड्यात आहे."

"म्हणून ही एवढी माणसं गाल धरून बसलीत होय?"

"ते राहू दे. दाबल्यावर बटण निळं होतं, ते पाहिलंस ना?"

"हळू बोल, बाबा. यांचे दातच तेवढे दुखतायत. कान शाबूत आहेत, आणि हातही."